एकाच बाटलीतलं औषध

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूला एका लहान गावात उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्र म्हणजे एक खोली, पुढे ओटा, आत औषधांचं कपाट आणि बाळंतपणाची पत्र्याची पेटी. माझं वय पंचविशीच्या आत, लग्न व्हायचं होतं. वडील हिंगोलीला एका कचेरीत शिपाई होते. आमच्या नात्यागोत्यात पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे आईला माझं कौतुकही होतं आणि धास्तीही.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी पलीकडच्या गावातून छकडा आला. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरची धाकटी सून अडली होती. मला न्यायला तिची मोठी जाऊ स्वतः आली होती. ते घर माझ्या ओळखीचं होतं. त्या जावेचं बाळंतपण मीच केलं होतं. तिचं बाळ मी हातात घेतलं, नाळ कापली, तिला धुतलं-पुसलं, आणि निघताना मला पाणी मिळालं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. त्याचं मला नवल वाटलं नव्हतं. बहुतेक घरांत तसंच होतं.

वाटेत एक कोरडा ओढा होता. उतारावर छकड्याचं चाक घळीत गेलं, बैल बिचकले आणि छकडा कलंडला. मी पेटी सांभाळत मागच्या बाजूला बसले होते. ओढ्यातल्या दगडावर पाठ आपटली, कमरेच्या जरा वर. जाऊबाईला खरचटलं होतं. गाडीवान बैल धरायला पळाला. मी उठायला गेले तर कंबरेखालचं अंग जागचं हललं नाही.

जाऊबाई धावत आली. "उठा बाई, हात द्या."

"हात लावू नका. मला उठवू नका."

"काहून? कुठं लागलं?"

"पाठीला. पाय कळेनात मला."

मी मांडीला चिमटा काढला. कुणीतरी जाड गोधडीवरून दाबावं तसं काहीतरी कळलं. दुखलं नाही. न दुखण्याचा अर्थ मला ठाऊक होता. प्रशिक्षणात मणक्यावर एकच धडा होता आणि त्यातलं एकच वाक्य माझ्या लक्षात राहिलं होतं, की अशा माणसाला ओंडक्यासारखं उचला, वाकवू नका. मी ते मनात म्हणत राहिले. भीती वाटली असेल, पण आठवते ती भीती नाही. डोळ्यांवर ऊन येत होतं आणि मान वळवायची नाही हे मी ठरवलं होतं, ते आठवतं.

शेतातली माणसं गोळा झाली. कुणीतरी बाज आणली.

"बाजेवर नको," मी म्हणाले. "बाज मधी झोळते. सपाट पाहिजे. फळी आणा, न्हाई तर दार काढून आणा."

"दार?" एक जण म्हणाला. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

जाऊबाई म्हणाली, "आमच्या घरचं आणा. ओसरीच्या खोलीचं. मामंजीला म्हणावं मी सांगितलं."

दार आलं. तिचा सासराच एका बाजूनं धरून घेऊन आला. म्हातारा माझ्याशी एरवी बोलत नसे. आताही बोलला नाही, दार माझ्या शेजारी ठेवून बाजूला झाला. मी पडल्यापडल्या सांगत गेले. तुम्ही खांद्याशी धरा, तुम्ही कंबरेशी, तुम्ही पायांशी. मी म्हणेन तेव्हा सगळ्यांनी एकदम उचलायचं. त्यांनी ते बरोबर केलं. शेतात पोती उचलणारी माणसं होती, एका दमात उचलायची त्यांना सवय होती. दोन धोतरं फाडून मला दाराला बांधलं.

"घरी काय झालं?" मी विचारलं.

"दाई हाय तिथं," जाऊबाई म्हणाली. "तुमी गप पडा."

सडकेवर हळदीची पोती भरलेला ट्रक थांबवला. पोती सारखी करून त्यावर दार ठेवलं. जाऊबाई उशाशी बसली, माझं डोकं तिनं दोन्ही तळहातांत धरलं आणि वसमतपर्यंत सोडलं नाही. वसमतला डॉक्टरांनी दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि त्याच ट्रकनं पुढे नांदेडला पाठवलं. तिथपर्यंतही तिनं डोकं धरूनच ठेवलं. केसांत, कानांत हळदीची भुकटी गेली होती. दवाखान्यातल्या नर्सनं पहिल्यांदा मला कावीळ झाली असं समजून डोळे तपासले.

धाकट्या सुनेला मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत, हे मला पुढे कळलं.

नांदेडला हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी तळव्यापासून वर टाचणी टोचत नेली आणि कुठं कळतं, कुठं टोचतं ते विचारलं. मांड्यांपर्यंत नुसता स्पर्श कळत होता, टोक कळत नव्हतं. एक्स-रेचा फोटो काढला. मी नर्स आहे म्हणून असेल, त्यांनी तो मला उजेडाला धरून दाखवला.

"हा मणका दबलाय," ते म्हणाले. "पण आतला मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसावा, कारण तुम्हाला थोडं तरी कळतंय. आता खरा धोका सुजेचा आहे. पायाला मार लागला तर पाय सुजून मोठा होतो, त्याला जागा असते. इथं चारी बाजूंनी हाड आहे. सूज आली की आतल्या आत मज्जारज्जू आवळला जातो. म्हणून सूज उतरवणारं औषध लगेच सुरू करतोय."

"कोणतं?"

"डेक्सामेथासोन. स्टेरॉइड."

ते मला माहीत होतं. दम्याच्या रोग्याला देताना पाहिलं होतं. पाठीच्या कण्यासाठी देतात हे माहीत नव्हतं.

"यानं मी चालेन?"

"मोठ्या दवाखान्यांत देतात. काहींना फरक पडलाय. खात्री देत नाही."

मला ते उत्तर आवडलं. खात्री देणाऱ्या माणसांशी माझा रोजचा संबंध होता आणि त्यांचं पुढे काय होतं ते मी पाहत आले होते.

खाटेवर लाकडी फळी, फळीवर पातळ गादी. लघवीला नळी. कुशीवर वळवायचं ते तिघांनी मिळून. इंजेक्शन ठरलेल्या वेळांना. हिंगोलीहून आई आली आणि खाटेखाली चटई टाकून राहिली. औषधानं मला प्रचंड भूक लागायला लागली. आई दवाखान्यामागच्या चुलींवर भाकरी करायची, पिठलं करायची, आणि मी पडल्यापडल्या खात राहायचे. खाल्लेलं पोटाशी जळजळायचं म्हणून दुधाबरोबर पांढरं औषध देत. झोप लागत नसे. त्याहून विचित्र म्हणजे माझं मन फार आनंदी असायचं. मी आईला सांगायचे की पुढच्या सोमवारी मी कामावर जाणार, उपकेंद्राला रंग देऊन घेणार, कपाटाची काच बदलणार. हे औषधाचं बोलणं आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी ते माझ्याच तोंडून निघत होतं आणि मला खरंही वाटत होतं.

आईला ते औषध काही कळत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, "लेकरू खाऊन राहिलं ना, मग होईल बरं."

कंबरेखाली मला नव्यानं पहिली कळली ती गोष्ट म्हणजे शौचाच्या भांड्याचा गारवा. आयाबाईनं खाली भांडं सरकवलं आणि मला ते गार लागलं. मी ओरडले. तिला वाटलं मला खुपलं. मग काही दिवसांनी उजव्या पायाचा अंगठा हलला. डॉक्टर आले, त्यांनी "पुन्हा" म्हटलं, मी पुन्हा हलवला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील.

त्याच सुमारास माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई आली. कनेरगाव नाक्याजवळच्या गावची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, दोन लेकरांची आई. कडब्याच्या गंजीवर उभी राहून पेंढ्या रचत होती, तोल गेला आणि पाठीवर पडली. घरच्यांनी तिला उठवून बसवलं. मग हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं पालथं घालून कंबर ओढली आणि तेलानं चोळली. काही फरक पडेना तेव्हा नवरा आणि दीर यांनी तिला एसटीत दोघांच्या मध्ये बसवून हिंगोलीला आणलं, तिथून नांदेडला. यात आठवडा गेला होता. तिच्या पायांना काहीच कळत नव्हतं. टाचणीही नाही, हातही नाही.

तिलाही तेच औषध सुरू झालं. मी डॉक्टरांना विचारलं, "एवढ्या उशिरा याचा उपयोग होतो?"

ते हळू आवाजात म्हणाले, "वाटत नाही. पण न देऊन तरी काय मिळवणार?"

तिचा नवरा बुटका, अंगानं मजबूत माणूस होता. कोरडवाहू थोडी जमीन होती आणि दुसऱ्याच्या शेतात कामालाही जायचा. तो खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसायचा आणि बायकोच्या पायांकडे बघत राहायचा. बायको बोलकी होती. ती मला माझं गाव, आई-बाप, पगार, सगळं विचारायची. औषधानं तिलाही भूक लागायला लागली आणि तीही आनंदात असायची. "बाई," ती मला म्हणायची, "आता पेरणीच्या आदी घरी जातो ना आपण?" आम्ही दोघी एकाच औषधानं आनंदी होतो, हे मला कळत होतं आणि तिला कळत नव्हतं.

काही दिवसांत आम्हा दोघींचे चेहरे गोल झाले. गाल वर आले, हनुवटीखाली मांस आलं. तिला भेटायला गावाकडून माणसं आली ती म्हणाली, "अगं, तू तर चांगली भरलीस की." नवरा पहिल्यांदा हसला. मी आरशात पाहिलं आणि आरसा आईकडे परत दिला.

फरक पायांत पडला. माझा उजवा पाय गुडघ्यात दुमडायला लागला, मग डावा घोटा जरासा. तिच्या पायांत काहीच नव्हतं. पडदा ओढून डॉक्टर मला तपासायचे, पण पडद्याच्या फटीतून तिचा नवरा बघायचा. एके दिवशी दुपारी आई चुलीपाशी गेली होती तेव्हा तो माझ्या खाटेजवळ आला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"तुमी नर्स हाव. सरकारी माणूस. तुमाला येगळं इंजेक्शन देऊन राहिले काय?"

त्याची बायको ओरडली, "अवो, काय बोलून राहिले तुमी!"

"तसं न्हाई," तो म्हणाला. "मी भांडायला न्हाई आलो. फक्त इचारतो. तुमचे पाय हलाया लागले. हिचे काहून न्हाई? तुमचं येगळं असलं तर आमाला तेच द्या म्हणावं. मी बैल इकतो."

मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. दवाखान्यात ओळखीच्या माणसाला चांगलं औषध मिळतं हा काही त्याचा एकट्याचा समज नव्हता. मी त्याला म्हणाले, "इंजेक्शनच्या वेळेला इथंच थांबा."

वॉर्डातली नर्स आली तेव्हा मी तिला सांगितलं की दोघींचं औषध याच्यासमोर भर. तिनं आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग तिनं माझं तोंड पाहिलं, त्याचं पाहिलं, आणि बाटली उचलली. छोटी काचेची बाटली होती, रबरी बुचाची. तिनं त्यातून एक सुई भरली आणि त्याच्या बायकोला दिली. दुसरी सुई त्याच बाटलीतून भरली आणि मला दिली. तो दोन्ही वेळेला तोंड पुढे करून बघत होता. मग त्यानं बाटली मागितली. नर्सनं दिली. त्याला अक्षर येत नव्हतं. त्यानं ती उलटी केली, उजेडाला धरली, आणि परत दिली.

"येकच हाय," तो म्हणाला.

"एकच आहे," मी म्हणाले.

तो पुन्हा पायथ्याशी जाऊन उकिडवा बसला. मला वाटलं होतं त्याचं समाधान होईल. पण औषध वेगळं असतं तर बैल विकून ते आणता आलं असतं. आता आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा नर्स निघून गेली होती.

संध्याकाळच्या फेरीला त्यानं डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, औषध येकच, मग या बाईला लागू पडलं, हिला काहून न्हाई?"

डॉक्टर थांबले. "या बाईंच्या मज्जारज्जूला मार बसला, पण तो शाबूत राहिला होता. सूज उतरली, त्याचा ताण गेला. तुमच्या घरच्यांचा आतून तुटलाय. औषध सूज उतरवतं. तुटलेलं जोडत नाही."

"पडल्या पडल्या तुटला, का मागून?"

"ते आता कुणाला सांगता येणार नाही."

त्यानं मान हलवली. हाडं बसवणाऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही, कुणीच काढलं नाही.

खरं म्हणजे माझ्याबाबतीतही ते कुणाला सांगता आलं नसतं. एकदा मी डॉक्टरांना विचारलं होतं की मला औषधानं बरं वाटलं की दारानं. ते म्हणाले, "दोन्ही नसतं तरी कदाचित तुमचे पाय आले असते. तुमच्यासारखी दुसरी बाई तशीच पाडून, तिला औषध न देता बघितलं तरच कळेल." ते हसले नाहीत, मीही हसले नाही.

आमची इंजेक्शनं हळूहळू कमी केली, मग गोळ्या दिल्या, मग त्याही कमी केल्या. औषध उतरलं तसा तो आनंदही उतरला. सांधे दुखायला लागले, हात उचलायचा कंटाळा यायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेजारच्या बाईचंही तसंच झालं, पण तिच्या घरच्यांना वाटलं की आता तिला खरं कळलं म्हणून ती गप्प झाली. कदाचित दोन्ही असेल. त्या दिवसांत ती एकदाच बोलली. म्हणाली, "बाई, मला माहीत झालं. ह्यांना सांगू नका मला माहीत झालं म्हणून."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी तिच्या नवऱ्याला शिकवलं. पडल्यापडल्या तोंडानंच शिकवलं. तिला दर थोड्या वेळानं कूस बदलून द्यायची, टाचांखाली कपड्याची चुंबळ ठेवायची, पाठ रोज बघायची, कुठं लाल दिसलं तर तिथं भार येऊ द्यायचा नाही, चोळायचं तर मुळीच नाही, पाणी भरपूर पाजायचं. तो लक्ष देऊन ऐकायचा आणि करून दाखवायचा. चुकलं तर त्याची बायको म्हणायची, "तसं न्हाई वो, बाईनं काय सांगितलं?" पावसाच्या आधी ते तिला घेऊन गेले. या वेळी फळीवर, एका टेम्पोत.

मला छातीपासून कंबरेपर्यंत प्लास्टर घातलं. उभी केली तेव्हा भोवळ आली. मग भिंत धरून, मग आईचा खांदा धरून, मग काठीवर. डावा पाय शेवटपर्यंत पूर्ण आला नाही, पाऊल उचलत नाही, फरफटतं. गोल चेहरा मात्र पुढे आपोआप उतरला. आईला त्याचंच वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी माझी बदली औंढ्याच्या दवाखान्यात झाली, बसून करण्याच्या कामावर. नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं ताप, हगवण, पायाला लागलं म्हणून येत. मी बसल्या जागी मलमपट्टी करायची, सुया द्यायची. दिवस बरे गेले. कधी कधी कुणीतरी माझी हकीकत ऐकून यायचं आणि गुडघ्यासाठी, कंबरेसाठी "ते चालायचं इंजेक्शन" मागायचं. मी नाही म्हणायचे. काही जण दुसरीकडून घ्यायचे.

हिंगोलीला सुट्टीवर आले असताना एकदा मी कनेरगावची गाडी पकडली. गाव नाक्यापासून जवळ होतं, विचारत गेले. ती अंगणात लिंबाच्या सावलीला लाकडी बाजेवर पडली होती, फळ्या ठोकलेल्या बाजेवर. पोटावर सूप होतं आणि ती तूर निवडत होती. आवाज तसाच होता. तिथूनच थोरल्या मुलीला चुलीवरचं सांगत होती, शेजारणीला कोंबडी हाकलायला सांगत होती.

मला पाहून सूप बाजूला ठेवलं. मी आधी तिची पाठ बघितली. कातडी स्वच्छ होती, एक जुना व्रण सोडला तर काही नव्हतं. दवाखान्यातही मी अशी पाठ फार थोड्यांची पाहिली आहे.

"करतात बराबर?" मी विचारलं.

"करत्यात. रात्री उठून करत्यात. कधी कधी मीच म्हणते, झोपा, मरत न्हाई मी." मग ती म्हणाली, "चालून दाखवा बरं."

"काय?"

"चाला ना. तुमी दवाखान्यात पडलेल्याच पाहिल्या मी."

मी अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. तिनं बाजारात जनावराची चाल बघावी तसं नीट बघितलं.

"डावा वढता तुमी," ती म्हणाली.

"हो. तो आला नाही."

"पण बरं चालता," ती म्हणाली, आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं. चहा कपबशीत आला, त्यांच्याच घरातल्या. तिनं माझ्याबरोबर घेतला, मान वळवून, बशीनं.

नवरा शेतातून आला. मला नाक्यापर्यंत सोडायला निघाला, माझ्या चालीनं चालत. वाटेत म्हणाला, "बाई, लगेच आणली असती तर?"

मी तिचा फोटो पाहिला होता. मणके एकमेकांवरून सरकले होते. पडतानाच सरकले की मागून, हे फोटोत दिसत नाही. "तरी फरक पडला नसता," मी म्हणाले. मला बहुतेक तसंच वाटत होतं.

गाडी आली तेव्हा त्यानं आधी चढून एका माणसाला उठवलं आणि मला खिडकीची जागा करून दिली.

ती पुढे काही वर्षं जगली. शेवटी लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडात गेला, ताप आला आणि त्यातच गेली. त्या काळी अशी माणसं बहुतेक त्यानंच जायची. ती गेल्याचं मला तिच्या मुलीनं सांगितलं. ती लग्नानंतर औंढ्याजवळ नांदायला आली होती आणि पहिलं लेकरू तपासायला दवाखान्यात घेऊन आली होती. लेकरू धडधाकट होतं. मी त्याला लस टोचली, ते रडलं, आणि ती त्याला खांद्यावर घेऊन थोपटत बाहेर गेली.